दोन ठेवून दिल्या की चालू होतं

आकाराम मिस्त्री माझ्या दुकानात आला, बगलेतला लॅपटॉप काउंटरवर आपटला आणि स्वतःच बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं आणि तिथंच थिजलं. मी "काय झालंय?" विचारायच्या आत त्यानं लॅपटॉपच्या अंगावर उजव्या हाताचे दोन रट्टे घातले. काउंटरची काच खणखणली. माझा चहा सांडला.

"हे असं करतंय," तो म्हणाला. "अडलं की दोन ठेवून द्याच्या, चालू हुतंय. आता आठ दिस झालं, त्येबी ऐकंना झालंय."

तिसऱ्या रट्ट्यासाठी हात वर गेला होता, तो मी मनगटात धरला. साठीतला माणूस, पण मनगट लोखंडी पाइपासारखं होतं.

मी दानेश्वरी. राजारामपुरीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवून मला चौदा वर्षं झाली. माहेर सीमेकडचं, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी, त्यामुळे शिव्या मला दोन्हीकडच्या येतात. त्या दिवशी दोन्हीकडच्या वापरल्या.

"ओ मामा, ही काय म्हैस हाय का रट्टे घालायला? आत हार्डडिस्कची तबकडी फिरत असती. ती फिरताना धक्का बसला की तिच्यावरचं सगळं जातंय. हात खाली घ्या आदी!"

"पंप बी फिरतोयच की," तो म्हणाला. "अडकला की हातोडीचा एक टोला. पस्तीस वर्षं केलंय मी."

तेवढ्यात पडदा काळा झाला आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला. ज्यांनी हे काम केलंय त्यांना तो आवाज चांगला माहीत असतो. तबकडीवर फिरणारी बारीक सुई जागेवरून सुटली की असं होतं. मी झटक्यात वायर उपटली, बॅटरी काढली.

त्याच्यामागं त्याची लेक क्रांती उभी होती. भिंतीला टेकून ती हळूहळू खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली, "गेलं. आक्का, सगळं गेलं."

"काय गेलं?" आकाराम खेकसला. "सर्टिफिकिटंच हायत न्हवं?"

"सर्टिफिकिटं न्हाईत आण्णा. नवरा मला मारत हुता, त्याचा आवाज हाय त्यात. कोर्टात द्यायचा हुता."

आकारामला हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर माणसानं काय करावं? डोक्याला हात लावावा, खाली बसावं. यानं ओरडून "मग आदी का न्हाय बोललीस?" असं विचारलं आणि तिच्या अंगावर हात उगारून धावला. मी मधे शिरले. बॅटरी काढलेला पेचकस माझ्या हातातच होता, तो मी त्याच्या छातीसमोर धरला. म्हटलं, "माझ्या दुकानात न्हाय. हितं एक बोट जरी तिला लागलं तर हे पोटात खुपशीन." मी खुपसला असता. अजूनही मला तशी खात्री आहे.

आकाराम गडमुडशिंगीचा. नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थांचे पंप दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि त्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. पंप बंद पडला, पिकं वाळायला लागली की लोक त्याला मोटरसायकलवर घालून न्यायचे. तो यायचा, कान लावायचा, नेमक्या जागी टोला घालायचा आणि पंप धडधडायला लागायचा. लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या हाताला यश आहे. त्याच्या डाव्या भुवईवर एक जुना व्रण आहे. तेराव्या वर्षी उस्तादानं पाना फेकून मारला होता. हे तो कौतुकानं सांगतो. "त्यो पाना बसला म्हणून मिस्त्री झालो, न्हायतर शेणं काढत बसलो असतो." आपण मार खाऊन शहाणे झालो असं एकदा माणसाच्या मनानं घेतलं की त्याच्या घरच्यांचे दिवस भरलेच.

घरी त्यानं बायकोला मारलं, बैलाला मारलं, लेकीला मारलं. दारू पीत नव्हता, बाहेरख्याली नव्हता, म्हणून गावानं त्याला सज्जन ठरवलं होतं. क्रांती मला एकदा म्हणाली होती, "आई हुती तवर मार दोघींत वाटून यायचा." ती बारा वर्षांची असताना आई काविळीनं गेली. मग वाटणी संपली.

तरी पोरगी शिकली. बीसीएला असताना तिनं हा लॅपटॉप माझ्याकडूनच जुना घेतला होता. तेव्हाच तो दोनतीन वर्षं वापरलेला होता, म्हणजे आता त्याचं वय माणसाच्या हिशेबात नव्वदीचं. त्यावर ती वकिलांची, शाळांची टायपिंगची कामं करायची. मग आकारामनं स्थळ आणलं. पलीकडच्या तालुक्यातला विजयसिंह, दूध संकलन केंद्र चालवणारा, पांढऱ्या शर्टातला, गोड बोलणारा. गोड बोलणारा तो चारचौघांत. घरात मारताना तो तोंडातून अवाक्षर काढत नसे. दाराला कडी घालायचा, घड्याळ काढून खिडकीत ठेवायचा आणि मग सुरू व्हायचा. मुकाट्यानं मारणारा माणूस शिव्या देत मारणाऱ्यापेक्षा वाईट. शिव्या देणारा निदान दमतो.

क्रांती तीनदा माहेरी पळून आली. तिन्ही वेळा आकारामनं तिला मोटरसायकलवर बसवून परत नेऊन सोडलं. दिल्या घरी सुखी राहा म्हणायची आपल्याकडची रीत, सुखी आहे का हे विचारायची नाही. तिसऱ्या खेपेला तर त्यानं जावयाच्या दारात, जावयाच्या आईसमोर, तिच्या कानशिलात दिली आणि म्हणाला, "नीट नांद. परत आलीस तर तंगडं मोडीन." विजयसिंह उंबऱ्यावर उभा राहून हसत होता. हसणारच की. सासऱ्यानं त्याला परवानाच दिला होता.

त्यानंतर विजयसिंहनं तिचा फोन जात्यावर आपटून फोडला. तिच्याजवळ राहिला हा म्हातारा लॅपटॉप. स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या आड, झाकण अर्धवट मिटून ती त्याच्यावर आवाज टिपायला लागली. अकरा वेळा टिपला. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात विजयसिंहनं तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, कानातून रक्त आलं. त्यानंच दवाखान्यात नेऊन आणलं आणि दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप पिशवीत घालून एसटीनं माहेरी निघाली. कानातून अजून झिरपणारं रक्त बघून या वेळी मात्र आकारामनं तिला परत नेलं नाही. गावकीच्या भीतीनं म्हणा की रक्ताच्या, तेवढं त्यानं केलं.

संरक्षण मागायला क्रांतीचा कोर्टात अर्ज गेला. विजयसिंहनं उलट सांगितलं की मी बायकोला बोट लावलेलं नाही, ती रागानं गेलीय, तिला नांदायला पाठवा. मग दोनदा चार माणसं घेऊन गडमुडशिंगीत आला आणि भर चौकात म्हणाला की निकाल काय लागायचा तो लागू दे, केसाला धरून फरफटत नेणार. कानाच्या जखमेला त्यानं "न्हाणीत घसरून पडली" असं कारण दिलं होतं आणि दवाखान्याच्या कागदावरही तेच लिहून घेतलं होतं. क्रांतीच्या वकीलबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, त्या आवाजांशिवाय आपल्या हातात काही नाही. क्रांतीनं ते कुणाला दिले नव्हते, कुणाला ऐकवले नव्हते. तिला स्वतःलाच ऐकायचं धाडस होत नव्हतं. उद्या काढू, परवा काढू असं करत दसरा आला.

आता ऐका, पुढं काय झालं ते मला लॅपटॉप उघडल्यावर कळलं.

खालचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि मी थक्क झाले. आत हळद, कुंकू आणि तांदूळ. पंख्याच्या पात्यांत एक अक्षत अशी बसली होती की पंखा घरघरायचा पण पुरा फिरायचा नाही. बाकीचे दाणे उष्णतेनं खरपूस भाजले होते. माहेरी आल्यावर घेतलेल्या साध्या फोनवर मी क्रांतीला गाठलं.

"खंडेनवमीला आण्णांनी पूजा केली की," ती म्हणाली. "पाना, हातोडी, ग्रीसगन पाटावर मांडली, गाडी शेजारी उभी केली. म्हणाले, माझ्या लेकीचं हत्यार बी आणा. लॅपटॉप पालथा घातला. म्हणाले, पंखा हिकडं हाय म्हंजी इंजन हिकडं. पूजा इंजनाची करायची, सीटची न्हवं. ओंजळभर अक्षता टाकल्या."

मला हसावं का रडावं कळेना. म्हणजे घोटाळा असा झाला होता. भक्तिभावानं टाकलेली अक्षत पंख्यात अडकली, पंखा अडल्यामुळे यंत्र तापलं, तापल्यामुळे थिजायला लागलं, आणि थिजलं म्हणून या माणसानं त्याला रोज बडवलं. वर्षातला एक दिवस हळदकुंकू आणि बाकीचे दिवस रट्टे. घरच्या लक्ष्मीलाही त्यानं तसंच वागवलं होतं, त्यामुळे लॅपटॉपनं तक्रार करायचं कारण नव्हतं.

मी तांदूळ चिमट्यानं काढले, पंखा ब्रशनं झाडला. मेमरीची पट्टी रट्ट्यांनी खाचेतून निसटली होती. तिची टोकं खोडरबरानं घासून तिला पुन्हा घट्ट बसवली. बॅटरी फुगून पोट आलेली, ती फेकली. एवढ्यानं यंत्र सुरू व्हायला लागलं, पण थिजायचं थांबेना, कारण खरा घाव तबकडीवर होता. ती काढून मी माझ्या यंत्राला जोडली. टक्, टक्, टक्. तिला घाई केली की ती मरणार हे दिसत होतं. थोडं वाचायचं, थांबायचं, निवू द्यायचं, जिथं ओरखडा आहे तो भाग सोडून पुढं जायचं. तीन दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. माझा राग सगळा त्या तीन दिवसांत जिरला असता, पण तबकडीच्या प्रत्येक टकटकीला मला तो उगारलेला हात आठवायचा आणि राग परत वर यायचा.

अकरांतला एक आवाज वाचला. एकच. सव्वाचार मिनिटांचा.

नीट उतरलाय की नाही बघायला मी तो लावला. कडी घातल्याचा आवाज. खिडकीत काहीतरी ठेवल्याचा. एक डबा पडला. मग ओल्या कपड्यावर धोपाटणं बसावं तसा आवाज, एकामागोमाग एक, घाई न करता. मारणारा बोलत नव्हता. आणि मग क्रांतीचा आवाज आला, तिचा नेहमीचा नव्हे, सातआठ वर्षांच्या पोरीचा वाटावा असा.

"चुकलं आण्णा! चुकलं, परत न्हाय करत! आण्णा, चुकलं!"

मी बंद केलं. मला वाटलं, जुना कुठला तरी माहेरचा आवाज हाती लागला. तारीख बघितली. जूनमधली, सासरची.

क्रांतीला बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि विचारलं. तिनं मान वर केली नाही.

"तोंडातनं तेच येतंय आक्का. लहान असल्यापासनं मार बसला की तेच वरडायचं. आण्णांच्यापाशी दहाबारा वेळा म्हटलं की थांबायचे. ह्यो थांबायचा न्हाय, तरी तेच यायचं."

वकीलबाईंनी आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला. नवऱ्याचा एक शब्द नाही. लेक बापाच्या नावानं ओरडतेय. समोरचा वकील उठून पहिलं हेच म्हणणार की मारणारा बाप आहे, आवाज माहेरचा आहे, आमचा माणूस निर्दोष आहे. हा पुरावा टिकवायचा तर बापानंच कोर्टात उभं राहून सांगायला हवं की त्या दिवशी मी तिथं नव्हतो आणि ती माझं नाव का घेतेय. "सांगतील का ते?" असं बाईंनी विचारलं. क्रांती म्हणाली, "मी विचारणार न्हाय." ते विचारायचं काम माझ्यावर आलं.

मी आकारामला एकट्याला दुकानात बोलावलं. शटर अर्धं खाली ओढलं. काही न सांगता आवाज लावला.

पहिल्या धपाट्याला त्याच्या मुठी वळल्या. दुसऱ्याला तो दात खाऊन म्हणाला, "हात तोडतो भडव्याचा. आजच तोडतो." तिसऱ्याला तो उभा राहिला. आणि मग तिचा आवाज आला. चुकलं आण्णा.

सव्वाचार मिनिटं मी त्याला पुरती ऐकवली. दया दाखवायची माझी इच्छा नव्हती.

"हे कवाचं?" त्यानं शेवटी विचारलं.

"जूनमधलं. चौदा तारीख."

"चौदा जूनला मी नृसिंहवाडीकडं गेलतो. पंपावर. संस्थेच्या वहीत सही हाय माझी. मी न्हवतो तिथं."

"म्हाईत हाय. तुमी तिथं नसताना बी ती तुमालाच म्हणत हुती, चुकलं म्हणून."

तो काउंटरवर वाकला. "बाई, तेवढं काढ. ते नाव तेवढं काढून टाक. मारल्याला आवाज ऱ्हाऊ दे. तुला येतंय की ते."

"येतंय. पर कापलेला आवाज कोर्ट घेत न्हाय. आणि घेतला असता तरी मी कापला नसता."

"काढ म्हणतो न्हवं!" तो ओरडला आणि समोरचा लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. मला पळता आलं असतं. मी हलले नाही. तबकडीची प्रत माझ्या कपाटात होती, पण ते मी त्याला सांगितलं नाही. मी म्हटलं, "फोडा. दुसरं काय येतंय तुमच्या हाताला? बायकोला फोडलासा, लेकीला फोडलासा, हे तरी का सोडताय?"

लॅपटॉप त्यानं खाली ठेवला, हळू, अंडं ठेवावं तसा. आणि मग उजवी मूठ काउंटरच्या काचेवर मारली. एकदा नाही, तीनदा. पहिल्या ठोशाला काच तडकली, दुसऱ्याला फुटली, तिसरा ठोसा तुकड्यांवर बसला. मनगटापर्यंत रक्त आलं. काचेखालचे चार्जर, कीबोर्ड सगळे लाल झाले. मी पडदे पुसायचं फडकं घट्ट आवळून बांधलं, तरी रक्त येतच होतं. तो हाताकडं असा बघत होता की जणू दुसऱ्या कुणाचा हात आहे.

"मी न्हाय आलो कोर्टात तर?" त्यानं विचारलं.

"तर तुमचा जावई सुटला. आणि केसाला धरून तिला नेली तर परत अडवायला कायदा न्हाय. ह्या खेपेला डोकं चौकटीवर आपटून थांबायचा न्हाय त्यो."

तो शटरखालून वाकून निघून गेला. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही नाही. नऊ टाके पडले असं नंतर कळलं.

तारखेला तो आला. धुतलेला नेहरू शर्ट, टोपी, उजव्या हाताला बँडेज. कसबा बावड्याच्या रस्त्याला कोर्टाच्या पायऱ्यांवर तो आमच्यापासून दहा हात लांब बसून राहिला.

आधी माझी साक्ष झाली. लॅपटॉप कसा आला, तबकडीतून आवाज कसा काढला, त्यात कापाकापी केलेली नाही, एवढं मी सांगितलं. मग आवाज लावला. न्यायाधीशबाई खाली बघून ऐकत होत्या. विजयसिंह हाताची घडी घालून छताकडं बघत होता. आवाज संपल्यावर वकीलबाईंनी आकारामला पिंजऱ्यात उभं केलं. शपथ झाली, वकीलबाईंनी वही दाखवली आणि मग विजयसिंहचा वकील शांतपणे उलटतपासणीला उठला.

"आण्णा कोण?"

"मी."

"मुलगी आण्णा, चुकलं म्हणते. म्हणजे मारणारे तुम्हीच ना?"

"त्या दिवशी न्हवतो मी. वहीत सही हाय, वकीलबाईंनी दिलीया." मला वाटलं, आता हा इथंच अडणार. मग त्यानं न्यायाधीशबाईंकडं बघितलं. "पर तसं वरडायला तिला मीच शिकवलंय."

कोर्टात कुजबुज झाली. वकील म्हणाला, "म्हणजे तुम्ही मुलीला मारत होता?"

"व्हय."

"कधीपासून?"

"सहा वर्साची हुती. दुधाचं भांडं सांडलं म्हणून वायरनं मारली. पाठीवर वळ हायत अजून. आठवीत गणितात नापास झाली तवा पान्यानं. कॉलेजला असताना एका पोरासंगं बोलताना दिसली, तवा करंगळी मोडली. डावी. बघा, वाकडी हाय." त्याचा आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. पंपाचे भाग सांगावेत तसा तो सांगत होता. "लग्नानंतर तीनदा पळून आली. तिन्ही वेळा मी परत नेली. शेवटी ह्याच्या दारात ह्याच्यासमोर मारली. त्यो हसला. त्या दिवशी मला कळाय पायजे हुतं. दोन ठेवून दिल्या की सगळं चालू हुतंय, असं मला वाटायचं. ती चुकलं म्हणायची, मला वाटायचं, आता सुधारली. तिला मार थांबवायचा असायचा, एवढंच. ह्यानं मारलं तवाबी तिनं तेच केलं. मारणाऱ्याचं नाव आण्णाच असतंय, असं तिच्या डोक्यात मी बसवलंय."

वकील खाली बसला. क्रांती माझ्या शेजारी बसली होती. तिनं डावी करंगळी उजव्या मुठीत धरली होती आणि ती समोरच बघत होती.

तीन आठवड्यांनी आदेश झाला. विजयसिंहनं क्रांतीच्या राहत्या जागेपाशी, कामाच्या जागेपाशी फिरकायचं नाही, माणसं पाठवायची नाहीत, फिरकला तर अटक. नांदायला पाठवायची मागणी फेटाळली. विजयसिंह बाहेर पडताना आमच्याकडं बघून थुंकला, आणि त्याच्या वकिलानं त्याला दंडाला धरून ओढत नेलं.

आकाराम खाली मोटरसायकलपाशी थांबला होता. तोंडावर बऱ्याच दिवसांनी थोडं तेज होतं. हाताच्या जखमा भरत आल्या होत्या. क्रांती जवळ गेली तसा म्हणाला, "चल. बस गाडीवर. घरला जाऊ."

ती बसली नाही.

"आण्णा, आत शपथेवर सांगितलासा ते सगळं खरं न्हवं?"

"खरं की."

"मग मी तुमच्या घरात कशी येऊ?"

त्याच्या उत्तरासाठी ती थांबली नाही. "आजपतूर मला वाटायचं, माझंच चुकतंय. तुमी आत उभं ऱ्हाऊन सांगितलासा, तवा कळलं, माझं कायबी चुकलं न्हवतं. ज्यानं मारलं त्यानं माझ्या जवळ फिरकायचं न्हाय, असं कोर्टानं लिवलंय. त्यात त्याचं नाव हाय. तुमचं बी असाय पायजे हुतं."

मी पुढं सरकले. खरं सांगते, मला वाटलं आता हा उसळणार. तो उसळला नाही. त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर झटकली, परत घातली. "कुठं ऱ्हाणार?" त्यानं विचारलं, तेही तिला नाही, मला.

"कळंब्याला खोली बगितलीया," मी म्हटलं. "पत्ता देणार न्हाय."

"नको देऊ," तो म्हणाला. "बरोबर हाय." आणि गाडीला किक मारून निघून गेला. मागं वळून बघितलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण रंकाळ्यापाशी सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा पाठीमागं क्रांती हुंदके देऊन रडत होती. मी विचारलं, आता कशापायी? तिनं माझ्या पाठीला डोकं टेकवलं.

"आज मारलं असतं तर बरं झालं असतं आक्का," ती म्हणाली. "सोडून यायला सोपं गेलं असतं."